२ टनी बॉयलर: कोळसा सोडून ब्रिकेट परवडतं का? (लातूर)

तेलगिरणी_लातूर

सोयाबीन तेलाचा छोटा प्लांट आहे. बॉयलर ताशी २ टनांचा, १०.५४ किलो दाबाचा, तीन फेऱ्यांचा स्मोक ट्यूब (धूर नळ्यांतून जातो, पाणी नळ्यांबाहेर), बाहेरची भट्टी, साधी जाळी, फायरिंग हातानं. सरासरी भार ७० टक्के, हंगामात २४ तास चालू. वणीकडचा जी-११ प्रतीचा कोळसा व्यापाऱ्यामार्फत येतो. बॉयलरला जाणारं पाणी (फीड वॉटर) ६० अंशांवर जातं. धुराला मल्टिसायक्लोन (धूर गरगर फिरवून धूळ पाडणारं यंत्र) आहे, बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांतून धूर गाळणारं) नाही.

ब्रिकेट म्हणजे शेतातला काडीकचरा दाबून केलेलं इंधन. ब्रिकेटवाला म्हणतो, कोळशाच्या जागी किलोला किलो चालेल, भट्टीला हात लावायची गरज नाही. भागीदार म्हणतात, देश वर्षाला १०० कोटी टनांच्या वर कोळसा काढतोय, जगातला निम्म्याहून जास्त कोळसा एकटा चीन जाळतोय, आपल्या एका चिमणीनं काय होणार? त्यात तेल घेणारी मोठी पार्टी आता दरवर्षी इंधनाचा तक्ता मागायला लागली आहे.

भावाची तुलना नेमकी कशी करायची? भट्टीत काय बदलावं लागेल? आणि छपरावर सोलर टाकून विजेवरचा बॉयलर घेतला तर हा सगळा व्यापच मिटेल का?

वाफेचा_हिशेब

किलोला किलो कधीच चालत नाही. इंधन टनावर विकत घेतात, पण प्लांटला लागते वाफ. म्हणून १ टन वाफेला किती इंधन लागतं तेवढंच बघा.

१० किलो दाबाच्या वाफेत किलोमागं साधारण ६६४ किलोकॅलरी असतात. तुमचं पाणी ६० अंशांवर येतं, म्हणजे बॉयलरनं घालायच्या राहिल्या ६०४. हातानं फायरिंगच्या बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के धरू (नीट चालवला असेल तर). १ टन वाफेला इंधनातून ८.६३ लाख किलोकॅलरी लागल्या. कोळसा किलोला ४,१०० किलोकॅलरीचा असेल तर २१० किलो, ब्रिकेट ३,८०० चं असेल तर २२७ किलो.

तुमच्या भाराला दिवसाची वाफ ३३.६ टन. कोळसा सुमारे ७.१ टन, ब्रिकेट ७.६ टन. यावरून भावाची रेषा निघते: ब्रिकेटचा पोच भाव कोळशाच्या ९२ ते ९३ टक्क्यांच्या खाली असला पाहिजे. कोळसा पोच ८,००० रुपये टन धरला तर ब्रिकेट ७,४०० पर्यंत बरोबरीत, त्याच्या वर तोटा. हे आकडे नुसते उदाहरणाला घेतलेत, तुमचे भाव घालून बघा.

राखेचा हिशेब मात्र वेगळा धरा. ३२ टक्के राखेच्या कोळशातून रोज सव्वादोन टन राख निघते. ८ टक्क्यांच्या ब्रिकेटमधून ६०० किलोच्या आसपास. ती काढणं, भरणं, नेणं यावर आज किती मजुरी आणि ट्रॅक्टरभाडं जातं ते बिलं काढून बघा. बरेच जण हा खर्च इंधनाच्या खात्यात धरतच नाहीत.

करातही बदल झालाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा टनाला ४०० रुपयांचा सेस गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. तुम्हाला त्याचं क्रेडिट पूर्ण वापरता येतं की पडून राहतं ते सीएकडून आधी कळून घ्या. खाद्यतेलाला जुलै २०२२ पासून उलट्या कररचनेचा (कच्च्या मालावर कर जास्त, तयार मालावर कमी) परतावा बंद आहे, त्यामुळं तेलवाल्यांचं गणित इतरांसारखं नसतं.

आणखी एक. जी-११ म्हणजे ४,००१ ते ४,३०० हे खरं, पण ती प्रत ठरवतात प्रयोगशाळेतल्या ठरावीक ओलाव्यावर. जुलैत भिजून आलेल्या गाडीतला कोळसा तेवढा देत नाही. ब्रिकेटवाल्याचा दाखलाही बहुतेक वाळवलेल्या नमुन्याचा असतो. दोघांकडूनही "आला तसा" या आधारावरचाच आकडा मागा. ३,८०० चं ब्रिकेट ८ टक्क्यांऐवजी १४ टक्के ओलं आलं तर ते ३,५५० वर येतं.

पण राव, इंधन बदलायच्या आधी वाफ वाचवा. फीड वॉटर ६० वरून ८५ वर नेलं तर दर ६ अंशांना १ टक्का या हिशेबानं ४ टक्के इंधन वाचतं, म्हणजे रोज ३०० किलो कोळसा. कुकर आणि ड्रायरच्या जॅकेटचं कंडेन्सेट (वाफ थंडावून झालेलं गरम पाणी) गटारात जात असेल तर तेच टाकीत घ्या. टोस्टरमध्ये (पेंडीतलं सॉल्व्हंट उडवतात तिथं) थेट सोडलेली वाफ परत मिळत नाही, ती सोडून द्या. दोन काळज्या घ्या. कंडेन्सेटला तेलाचा अंश लागला तर बॉयलरमध्ये फेस होतो आणि वाफेबरोबर पाणी ओढलं जातं, म्हणून परतीच्या लाइनवर नमुन्याचा कॉक ठेवा आणि तवंग दिसला की ते पाणी बाहेर काढा. दुसरं, पाणी ८५ वर गेलं की फीड पंप हवा धरल्यासारखा वाजतो आणि पाणी उचलत नाही, कारण पाण्याची सक्शनमध्येच (पंपाच्या ओढीच्या बाजूला) वाफ होते. टाकी पंपाच्या पातळीपेक्षा चांगली उंच करा, सक्शनचा पाइप मोठा आणि सरळ ठेवा.

गळतीचंही तसंच. ७ किलो दाबावर ३ मिलिमीटरच्या एका भोकातून ताशी सुमारे ३० किलो वाफ जाते. म्हणजे तासाला ६ किलो कोळसा, २४ तासांच्या ३०० दिवसांत ४३ टन.

पऱ्हाटी_परभणी

मालाबद्दल लिहितो. आपल्याकडं ब्रिकेट कशाचं आहे ते पहिल्यांदा विचारा. भुईमुगाची टरफलं आणि लाकडाचा भुसा सगळ्यात बरा. बगॅस (उसाचं चिपाड) ठीक. पऱ्हाट्या आणि तुराट्या चांगल्या, पण मातीसकट उपटून आणलेल्या असतात. सोयाबीनचं भुसकट स्वस्त मिळतं आणि भट्टीत सगळ्यात जास्त त्रासही तेच देतं. व्यापारी "मिक्स" म्हणतो तेव्हा बहुतेक भुसकटच जास्त असतं.

गाडी उतरवायच्या आधीची तपासणी सोपी आहे. ९० मिलिमीटर जाडीचं, एक फूट लांबीचं ब्रिकेट वजनाला २ किलोच्या थोडं वर भरलं पाहिजे. पावणेदोनच्या खाली आलं तर दाब कमी पडलाय, चढवता-उतरवतानाच त्याचा चुरा होणार. कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाका, दोनतीन तुकडे झाले तर हरकत नाही, भुगा झाला तर गाडी परत. १०० ग्रॅम चुरा १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. घट १० ग्रॅमच्या वर गेली तर भाव कापा. शेवटी राख बघा. करडी किंवा पांढुरकी असली तर ठीक, तांबूस आणि हाताला खरखरीत लागली तर माती आलीय.

पावसाळ्याचं आताच ठरवा. जून ते सप्टेंबर कच्चा माल वाळत नाही, प्रेस बंद पडतात किंवा ओला माल देतात आणि भावही चढतो. त्यामुळं मे अखेरीला दोन महिन्यांचा तरी साठा शेडमध्ये हवा. तुमच्या वापराला दोन महिने म्हणजे साडेचारशे टन, ७०० घनमीटरच्या वर जागा. कोळसा उघड्यावर पडला तरी जळतो, ब्रिकेटवर एक मोठी सर आली की त्याचा लगदा होतो. खाली फळ्या, वर पत्रा, बाजूंनी हवा, आणि थप्पी बॉयलर हाउसपासून लांब. आत बारीक भुगा साचू देऊ नका, ठिणगी त्यालाच धरते.

स्वतः गोळा करायचा विचार असेल तर अंदाज घ्या. एकरी पऱ्हाटी साधारण टनभर. वर्षाला ३०० दिवस चालवलं तर तुम्हाला वाळवणीतली घट धरून अडीच हजार टन, म्हणजे तितकेच एकर. पऱ्हाटी जानेवारी ते मार्चमध्ये निघते आणि ती शेतावर किंवा आवारात ढीग करून ठेवायची नाही. गुलाबी बोंडअळी त्यातल्या किडक्या बोंडांत बसून राहते आणि पुढच्या हंगामात आसपासच्या कपाशीवर येते. श्रेडर शेतावर न्या, तुकडे करूनच आणा. गाडीभाडंही निम्म्यावर येतं.

आणखी एक धोका कोणी बोलत नाही. केंद्राच्या ऑक्टोबर २०२१ च्या धोरणानं औष्णिक केंद्रांना कोळशात ५ टक्के बायोमास मिसळायला सांगितलंय. परळीचे २५० मेगावॅटचे तिन्ही संच पूर्ण भारानं चालले तर दिवसाला १२ हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. त्याचे ५ टक्के म्हणजे ६०० टन. तुमच्यासारख्या ८० बॉयलरांचा माल एकटं केंद्र ओढू शकतं. वर्षाचा करार आताच लिहून घ्या आणि ओलावा-राखेची कपात त्यातच घाला.

फायरमन_नांदेड

भट्टीला हात लावावा लागणार नाही हे साफ खोटं.

कोळशात उडून जाणारा भाग २५-३० टक्के, ब्रिकेटमध्ये ६५ ते ७५. म्हणजे ब्रिकेट जाळीवर कमी आणि जाळीच्या वर वायू होऊन जास्त जळतं. तुमची सगळी हवा एफडी पंख्यातून (भट्टीत हवा ढकलणाऱ्या) जाळीखाली येत असणार. तशीच ठेवली तर वरच्या वायूला हवा पुरत नाही, ज्योत लांबून ट्यूबमध्ये शिरते, चिमणीतून काळा धूर निघतो आणि ट्यूबवर काजळी बसते. भट्टीच्या बाजूनं जाळीच्या वर सेकंडरी हवेचे नोझल काढावे लागतील, वेगळ्या डॅम्परसकट (हवेच्या झडपेसकट). खालची हवा कमी, वरची वाढवायची. चिमणीत ऑक्सिजन ७ ते ९ टक्के येईल असं धरून डॅम्पर बसवा.

दुसरी भानगड खंगराची, म्हणजे राख वितळून झालेल्या ढेकळांची. पिकाच्या काडात पोटॅश भरपूर असतं. त्याला मातीतली वाळू मिळाली की राख कोळशाच्या राखेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला मऊ पडते, सोयाबीनच्या भुसकटाची तर ९०० अंशांच्या आसपासच. जाळीच्या फटी काचेसारख्या थरानं बंद होतात, हवा एका कोपऱ्यातून जाते, तिथं आणखी तापतं आणि तिथंच आणखी खंगर. फायरमन मग सळई घालून ढवळतो. राख वर येते, वितळते, काम दुप्पट. ढवळायचं नाही. थोडं थोडं, पाचसात मिनिटांनी, सगळ्या जाळीवर सारखं टाकायचं. भुसकटाच्या मालात निम्मा भुईमूग-टरफलाचा माल मिसळला की बरंच आटोक्यात येतं.

जाळीच्या बिडाच्या पट्ट्याही बघा. कोळशाची राख जाळीवर जाड थरानं बसून तिला वाचवते. ब्रिकेटला राख कमी, म्हणून पट्ट्या थेट तापतात आणि वाकतात. शिफ्टला राख काढताना सगळी खरवडू नका, दीडदोन इंच राहू द्या. पट्ट्यांचा एक संच शिल्लक ठेवा.

ट्यूब आठवड्याला घासत असाल तर सुरुवातीला तीनचार दिवसांनी घासाव्या लागतील. दिवस मोजण्यापेक्षा चिमणीचं तापमान लिहीत जा. साफ ट्यूबला असतं त्यापेक्षा ४० अंश चढलं की घासायची वेळ झाली. दर २२ अंशांना १ टक्का इंधन वर जातं.

राख शेतात टाकायला लोक मागतात. आपली काळी जमीन आधीच विम्लधर्मी, पीएच ८ च्या वर. त्यात राखही तशीच. थोडी कंपोस्टमध्ये चालते, ट्रॉलीच्या ट्रॉली पसरू नका.

सळई_जालना

विजेच्या बॉयलरचं आणि भागीदारांच्या मुद्द्याचं उत्तर एकाच हिशेबात आहे.

१ टन वाफेला ६०४ हजार किलोकॅलरी म्हणजे ७०२ युनिट. थोडी घट धरून ७१७. युनिट ८ रुपयांनी धरलं तरी टनाला ५,७०० रुपये, आणि वरच्या उदाहरणातल्या भावानं कोळसा लागतो १,७०० रुपयांच्या आत. पैशाचं सोडा, धुराचंही बघा. आपल्या ग्रिडमध्ये एका युनिटमागं अजून सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची आहे. विजेची १ टन वाफ ५०० किलो सोडते. तुमच्या भट्टीतला २१० किलो कोळसा साधारण ३१५ किलो. ग्रिडवरचा विजेचा बॉयलर आज तरी जास्त कार्बन सोडतो, फक्त तो परळीच्या किंवा चंद्रपूरच्या चिमणीतून निघतो. कोळशाची उष्णता आधी वीज करायची, त्यात निम्म्याहून जास्त घालवायची आणि मग परत उष्णता करायची, हा द्राविडी प्राणायाम आहे.

स्वतःचं सोलर? रोजची वाफ म्हणजे २४ हजार युनिट. मराठवाड्यात १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. म्हणजे ६ मेगावॅट, किमान २४ एकर जमीन, आणि रात्रपाळीला बॅटरी किंवा पुन्हा ग्रिड. छपरावरचं सोलर मोटारी, कन्व्हेयर, पंपांसाठी जरूर टाका, तिथं ते फिटतं. वाफेसाठी नाही. ८०-८५ अंशांचं गरम पाणी लागत असेल तर हीट पंपाची गोष्ट वेगळी, तो एका युनिटाला अडीच-तीन युनिटांची उष्णता देतो.

यावरूनच कळेल की वाढत्या देशांना कोळसा सुटत का नाही. वीज बदलायला पॅनेल आहे. जून २०२५ मध्ये आपली निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म झालीसुद्धा, २०३० च्या उद्दिष्टाच्या पाच वर्षं आधी. पण क्षमता म्हणजे निर्मिती नाही, आणि कारखान्याची उष्णता हा तर तिसराच विषय. भट्टी, बॉयलर, वीटभट्टी, सिमेंट यांना रात्री दोन वाजताही तीच उष्णता लागते, आणि कोळसा आवारात पडून राहतो, हवा तेव्हा जळतो.

"आपल्या एका चिमणीनं काय होणार" हे मात्र पटत नाही. भागीदारांनी चीनचं नाव काढलं, तर चीननं काय केलं तेही सांगा. २०१३ च्या हवा कृती आराखड्यात त्यांनी शहरी वस्तीतले ताशी १० टनांपर्यंतचे कोळशाचे बॉयलर २०१७ पर्यंत काढायला लावले. मोठी वीजकेंद्रं त्याच काळात बांधली जात होती. विसंगत वाटेल, पण कारण साधं आहे: मोठ्या केंद्राला ९९ टक्क्यांच्या वर राख धरणारं यंत्र आणि पावणेतीनशे मीटरपर्यंतची चिमणी असते. २ टनी बॉयलरची चिमणी २०-२५ मीटरची, आणि धूर उतरतो एमआयडीसीच्या शेजारच्या वस्तीत. टनाला टन, छोट्या बॉयलरचा कोळसा माणसांच्या फुप्फुसांना जास्त महाग पडतो.

मोठ्या केंद्रांचं पाणीही विसरू नका. २०१५ च्या केंद्रीय नियमात कूलिंग टॉवरच्या जुन्या केंद्रांना युनिटमागं साडेतीन लिटरची मर्यादा आहे. परळीच्या ७५० मेगावॅटला पूर्ण भारावर तेवढंच वापरलं तरी दिवसाला ६ कोटी ३० लाख लिटर. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून केंद्र बंद ठेवावं लागलं होतं ते याचमुळं. पण नुसतं बंद करणं हा उपाय नाही. दक्षिण आफ्रिकेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये कोमाटीचं केंद्र बंद केलं, जागेवर सोलर आणि प्रशिक्षणाची योजना होती, तरी पर्यायी रोजगार वेळेत उभा राहिला नाही ही तिथल्या लोकांची तक्रार राहिली. परळीतल्या वीटभट्ट्या, राखेच्या गाड्या, हॉटेलं मोजा म्हणजे अंदाज येईल.

पार्टी तक्ता मागते तो नखरा नाही. युरोपला माल पाठवणाऱ्या स्टीलवाल्यांना तिथला कार्बन कर जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला. खाद्यतेल त्यात नाही, पण मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांचा आकडा स्वतःच्या अहवालात धरतात. तुमचा आकडा: वर्षाला सुमारे २,१०० टन कोळसा, गुणिले दीड, म्हणजे ३,२०० टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. ब्रिकेटचा आकडा तक्त्यात वेगळ्या रकान्यात जातो, शून्य लिहून मोकळे होऊ नका. प्रेसची वीज आणि ट्रकचं डिझेल त्यात असतंच.

तेलगिरणी_लातूर

सगळ्यांचे आभार. भाव रेषेच्या खाली बसतोय. सेकंडरी हवेचं कामही करू. प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्राचं आणि बॉयलरच्या चाचणीचं कोणी सांगेल का? बॅग फिल्टर लागेलच का?

वाफेचा_हिशेब

संमतिपत्रात इंधनाचं नाव आणि रोजचं प्रमाण लिहिलेलं असतं. ब्रिकेट त्यात नसेल तर आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून दुरुस्ती, मग गाडी. भट्टीला भोकं पाडणार असाल तर बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकाला आधी कळवा. दाबाच्या भागाला वेल्डिंगचा टाकाही परस्पर मारायचा नाही.

धुळीला केंद्राच्या जुन्या नियमात २ ते १० टनांच्या बॉयलरला घनमीटरला ८०० मिलिग्रॅम चालतात, पण बऱ्याच संमतिपत्रांत १५० घातलेलं असतं. तुमचं पान उघडून बघा. १५० असेल तर नुसत्या मल्टिसायक्लोनवर भरवसा नको, कारण पोटॅशचा धूर एका मायक्रॉनच्या खालचा असतो आणि सायक्लोन तो धरत नाही. मग बॅग फिल्टर लागेल. साध्या पॉलिएस्टरच्या पिशव्या १३० अंशांपर्यंतच टिकतात, तुमचा धूर २०० च्या आसपास. आधी एअर प्रीहीटर किंवा इकॉनॉमायझरनं (धुराच्या उष्णतेवर हवा किंवा पाणी तापवणारं यंत्र) तो उतरवा, नाहीतर महागाचं कापड घ्या. सायक्लोन काढू नका, तो पिशव्यांच्या आधी ठिणग्या अडवतो. ब्रिकेटच्या एका उडत्या ठिणगीनं पिशवीला भोक पडतं आणि त्या दिवशीचा धूर आधीपेक्षा वाईट दिसतो.

चिमणीची मीटरमधली उंची म्हणजे १४ गुणिले ताशी निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या किलोंचा ०.३ घात. ०.६ टक्के गंधकाच्या कोळशाला पूर्ण भारावर ताशी ५ किलो, म्हणजे २३ मीटर. ब्रिकेटला गंधक नगण्य, पण पावसाळ्यात कोळशावर परत यावं लागलं तर? संमतिपत्रात दोन्ही इंधनं ठेवा, चिमणी कोळशाच्या हिशेबानंच राहू द्या.

चाचणी ८ तासांची. फीड लाइनला पाण्याचं मीटर, इंधन वजनकाट्यावरून. सुरू करताना आणि संपवताना बॉयलरच्या काचेतली पाण्याची पातळी, दाब आणि जाळीवरचा थर सारखा हवा, नाहीतर आकडा फसवतो. ब्लोडाऊन (बॉयलरचं क्षारयुक्त पाणी बाहेर सोडणं) त्या वेळात बंद ठेवा, टीडीएस (पाण्यातले विरघळलेले क्षार) आधीच खाली आणून. एकूण पाणी भागिले इंधन म्हणजे किलोला किती वाफ. आजच्या कोळशाला ४.७ च्या आसपास यावं, चांगल्या ब्रिकेटला ४.४. ब्रिकेटचे पहिले दोन दिवस मोजू नका, फायरमनचा हात बसू द्या. ४ च्या खाली आलं तर मालाला दोष द्यायच्या आधी राखेत न जळलेले काळे तुकडे आहेत का बघा, आणि चिमणीचं तापमान. दोन्ही ठीक असून आकडा खालीच असेल तर नमुना सीलबंद करून ओलावा आणि उष्मांक तपासायला पाठवा, "आला तसा" या आधारावर, आणि अहवाल येईपर्यंत पुढची गाडी थांबवा.